मूर्ती नाही, गाभाराही नाही: मिवा डोंगराच्या दर्शनाला पहिल्यांदा जाताना

"देव खंय आसा गो?"

आई ओसाकाला राहायला आली होती तेव्हा तिला नाराजवळच्या ओमिवा जिन्जाला, म्हणजे ओमिवा देवस्थानाला, घेऊन गेले होते. मंडपासमोर हात जोडून उभी राहिल्यावर तिने मान इकडून वाकवून पाहिली, तिकडून वाकवून पाहिली आणि मग मला हळूच हे विचारलं. प्रश्न बरोबर होता. एरवी शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात पुढे हाइदेन असतो, म्हणजे आपल्याकडचा सभामंडप, आणि त्यामागे होन्देन, म्हणजे गाभारा. इथे हाइदेन आहे, पण होन्देन बांधलेलाच नाही. मंडपाच्या मागे झाडी आहे आणि झाडीच्या मागे ४६७ मीटर उंचीचा मिवा डोंगर. तोच देव. मंडप फक्त आपण कुठे उभं राहायचं ते सांगतो.

हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मगे आधी सांगूक नको?" आणि दोन पावलं मागे सरून, मान वर करून तिने पुन्हा नमस्कार केला.

म्हणून हे आधी सांगतेय. कामानिमित्त ओसाका-क्योतोकडे राहणारे, किंवा नाराची हरणं पाहून झाल्यावर हातात एक दिवस उरलेले, अशांसाठी हा लेख आहे. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं चुकवलं होतं. अर्ध्या तासात फोटो काढून, "छोटंसंच आहे" असं म्हणून परत फिरले. इथे बघण्यासारखं फार नाही हे खरंच आहे. इथे थांबायला यायचं असतं.

निघण्याआधी: देवाची थोडी ओळख

इथल्या देवाचं नाव ओमोनोनुशी. भात पिकवणारा, रोग आणणारा आणि बरे करणारा, दारू गाळणाऱ्यांचा पाठीराखा, आणि रूप सापाचं. आमच्या कुडाळकडच्या माणसाला हे लगेच समजतं. राईतला राखणदार, त्याचं वारूळ, त्याच्यापुढे भीतीही आणि हक्कही.

त्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात, कारण वाटेत त्यांच्या खुणा लागतात. पहिली 'कोजिकी'तली, हा ग्रंथ ७१२ सालचा. इकुतामायोरी नावाच्या मुलीकडे रोज रात्री एक देखणा तरुण यायचा. कोण, कुठला, काही पत्ता नाही. तिला दिवस गेले तेव्हा आईबापांनी सांगितलं, सुईत तागाचा दोरा ओव आणि त्याच्या कपड्याच्या काठाला टोचून ठेव. सकाळी पाहिलं तर दोरा दाराच्या कुलुपाच्या भोकातून बाहेर गेलेला आणि रिळावर फक्त तीन वेढे उरलेले. दोरा धरून माग काढला तर तो मिवाच्या देवापाशी पोचला. तीन वेढे म्हणजे जपानीत 'मि-वा'. डोंगराच्या नावाची ही कथा.

दुसरी 'निहोन शोकी'तली, हा ग्रंथ ७२० सालचा. मोमोसो नावाच्या राजकन्येचा नवरा रात्रीच यायचा. तिने हट्ट धरला, तोंड तरी दाखवा. तो म्हणाला, सकाळी तुझ्या फणीच्या पेटीत बघ, पण दचकू नकोस. तिने झाकण उघडलं, आत कपड्याच्या दोरीएवढा सुंदर छोटा साप. ती किंचाळली. देवाचा अपमान झाला, तो आकाशातून डोंगराकडे निघून गेला. ती पश्चात्तापाने मट्कन बसली आणि जेवायची काडी लागून मेली. तिचं थडगं म्हणून दाखवतात ते हाशिहाका, म्हणजे 'काड्यांचं थडगं', आजही डोंगराच्या पायथ्याशी आहे. किल्लीच्या भोकाच्या आकाराची, सुमारे २८० मीटर लांबीची झाडांनी झाकलेली टेकडी. ते दिवसा माणसांनी आणि रात्री देवांनी बांधलं, असं ग्रंथ म्हणतो.

दोन्ही गोष्टींत एकच तंटा आहे: बघायचंय. देव म्हणतो, बघू नकोस. माणूस म्हणतं, एकदाच. हे डोक्यात ठेवून गेलात तर पुढे फोटोबंदीची पाटी दिसल्यावर राग येणार नाही.

कधी, कसं

नाराच्या जेआर (जपान रेल्वे) स्टेशनवरून साकुराई मार्गाची गाडी धरायची, अर्ध्या तासाच्या आसपास मिवा स्टेशन येतं. ओसाकाहून येणाऱ्यांना त्सुरुहाशीवरून किन्तेत्सु या खासगी रेल्वेने साकुराईला येणं सोपं. तिथे जेआरमध्ये बदलून एकच स्टेशन. गाड्या छोट्या आणि विरळ आहेत, मुंबई लोकलची सवय असलेल्यांनी वेळापत्रक आधी बघून ठेवावं. एक चुकली तर फलाटावर निवांत बसावं लागतं.

सकाळी नऊच्या आत पोचलात तर उत्तम. १ जानेवारीला इथे प्रचंड गर्दी असते. मध्यरात्रीनंतर पेटवलेला अग्नी मशालींवर घेऊन पायथ्याच्या देवळांतून फिरवतात, ते बघण्यासारखं आहे, पण शांत बसायला तो दिवस नव्हे. जून-जुलैत पाऊस आणि डास, ऑगस्टमध्ये दमट उकाडा. नोव्हेंबर मला सगळ्यात आवडतो, कारण पुढे येईल.

एक महत्त्वाचं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर जाऊ नका. शिंतोमध्ये मृत्यूचं 'केगारे' मानतात आणि जवळचं माणूस गेल्यावर साधारण ५० दिवस तोरीखालून, म्हणजे देवस्थानाच्या कमानीखालून, जायचं टाळतात. आपल्याला सुतक वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कपडे साधे, खांदे-गुडघे झाकलेले असले की पुरे. आपलं नारळ-हार-उदबत्ती हे सामान घरी ठेवा. शिंतो देवळात उदबत्ती लावत नाहीत. ती बौद्ध मंदिरात. पर्समध्ये पाच येनचं एखादं नाणं, मधे भोक असलेलं, ठेवा. पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. श्लेषावर भक्ती चालते, इथेही.

तोरीपासून हाइदेनपर्यंत

स्टेशनवरून पाच-एक मिनिटं चालल्यावर दुसरी तोरी लागते. लांबून गाडीतून दिसते ती अवाढव्य पोलादी तोरी वेगळी. ती ३२ मीटर उंचीची, १९८६ सालची, रस्त्यावर उभी आहे. ती बघायला वाट वाकडी केली नाहीत तरी चालेल. खरी सुरुवात या लाकडी तोरीपाशी होते.

इथे थांबा. टोपी काढा. कमरेत किंचित वाकून एक नमस्कार करा आणि वाटेच्या मधून न जाता एका कडेने चाला. मधली वाट देवाची. आत पाऊल टाकलं की डांबर संपतं, बारीक खडी सुरू होते, आणि वर देवदारासारखे उंच 'सुगी' वृक्ष. पहिल्या वीस पावलांत स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. तो आवाज कमी कसा करता येईल असं वाटायला लागलं, की समजा नीट चाललंय.

डाव्या हाताला एक लहानसं देऊळ आहे, हाराएदो. बहुतेक पर्यटक ते न बघता पुढे जातात. इथली रीत अशी की मोठ्या देवाकडे जाण्याआधी इथे थांबून अंगावरचं मळभ झाडून टाकायचं. माझा सल्ला: इथे उभं राहून फोन बंद करा. सायलेंट नको, बंदच. पुढच्या दोन तासांत तुमच्याविना काही अडत नाही.

थोडं पुढे दोन दगडांची जोडी आहे, मेओतो-इवा, 'नवरा-बायको'. लग्न जमावं म्हणून लोक थांबतात. थांबायचं असेल तर थांबा.

मग हात धुण्याची जागा, तेमिझुया. इथे पाणी सापाच्या तोंडातून पडतं. पळी ठेवलेली असेल तर क्रम असा: उजव्या हातात पळी घेऊन डावा हात धुवा, मग डाव्यात घेऊन उजवा, पुन्हा उजव्यात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी, त्याने चूळ भरून खाली बाजूला टाका, पळीला तोंड लावायचं नाही. परत डावा हात. शेवटी पळी उभी धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसासाठी ती स्वच्छ होते. हे सगळं एका पळीभर पाण्यात. मला जमायला तीन खेपा लागल्या. पहिल्यांदा हात धुण्यातच पाणी संपलं. महासाथीनंतर बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्यात, तसं असेल तर वाहत्या धारेखाली हात धरा, झालं. चुकलं तर कुणी बघत नाही. बघितलं तरी काही म्हणत नाही.

पायऱ्या चढून वर गेलात की तोरी नाही, दोन उभे खांब आणि त्यांच्यावर ताणलेला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर, शिमेनावा. आधी याचंच तोरण होतं, कमानी मागून आल्या असं म्हणतात. त्या दोराखालून गेलात की समोर हाइदेन.

समोर उभं राहिल्यावर

ही इमारत १६६४ साली चौथा तोकुगावा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, इएत्सुना याने बांधवली. तिच्या छपराखाली मध्यभागी एक भला मोठा हिरवा-तपकिरी गोळा टांगलेला दिसेल. जवळ जाऊन बघा. सुगीच्या कोवळ्या डहाळ्या खोचून-खोचून, कात्रीने छाटून केलेला, मधमाश्यांच्या पोळ्याएवढा नव्हे, मोठ्या माणसाच्या कवेत न मावणारा. याला सुगीदामा म्हणतात. दरवर्षी १४ नोव्हेंबरला, नव्या साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, हंगाम सुरू होताना इथे दारू गाळणाऱ्यांचा उत्सव असतो, आणि त्याआधी हा गोळा बदलतात. नोव्हेंबरमध्ये तो गर्द हिरवा असतो आणि त्याच्या खाली उभं राहिलं की ओल्या राळेचा वास नाकात जातो. पुढे महिनोन्महिने वाळत तपकिरी होतो. जपानभरच्या साके-भट्ट्यांच्या दारावर असेच छोटे गोळे लटकतात. साके किती मुरली हे गिऱ्हाईक त्याच्या रंगावरून ओळखतं. त्यांची गादी इथे. आपल्याकडे दारूचा देव म्हटलं की लोक कानावर हात ठेवतील, इथे तर पहिल्या दारूगाळ्याचंही वेगळं देऊळ आहे.

आता नमस्कार. पेटीत नाणं सोडा, भिरकावू नका. मग दोनदा कमरेत वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं मागणं, आणि शेवटी एक नमस्कार. टाळ्या छातीसमोर, उजवा तळवा डाव्यापेक्षा बोटभर खाली घेऊन. टाळी वाजवताना संकोच करू नका. देवाला हाक मारायची आहे, आपण घंटा वाजवतो तसंच.

आणि हे करताना मंडपाच्या आत न बघता त्याच्या छपरावरून मागे बघा. मंडपामागे तीन कमानींची एक विशेष तोरी आहे, मित्सु-तोरी, आणि तिच्यातून पलीकडे कुणालाही प्रवेश नाही. पण झाडांचे शेंडे दिसतात. तेच दर्शन.

उजव्या बाजूला कुंपणात एक जुना सुगी आहे, त्याच्या बुंध्यापाशी देवाचा साप राहतो अशी श्रद्धा. त्याच्यापुढे लोक कच्ची अंडी आणि साकेच्या बाटल्या ठेवतात. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी एक आजी आल्या, पिशवीतून दोन अंडी काढली, रुमालाने पुसली, ठेवली, दोन टाळ्या वाजवल्या आणि बाजाराला निघाल्यासारख्या निघून गेल्या. एक मिनिटही लागलं नाही. तेवढ्यात मी चार फोटो काढले होते आणि देवाला काही सांगायचं विसरले होते.

मोठं काही मागायचं असेल तर कार्यालयात जाऊन गोकितो, म्हणजे आपल्या नावाची खास पूजा, सांगता येतो. काही हजार येन दक्षिणा, कागदावर नाव-पत्ता-इच्छा लिहायची. मग आत बसवतात आणि पुजारी नोरितो, म्हणजे देवापुढची प्रार्थना, म्हणतात, जुन्या जपानीत, लांब स्वर ओढत. मला भाषा येते तरी त्यातलं फारसं कळत नाही, पण मधेच स्वतःचं नाव आणि ओसाकाचा पत्ता ऐकू येतो तेव्हा अंगावर काटा येतो. संकल्पात गोदावरीचा तीर सांगतात, किंवा आमच्याकडे गाऱ्हाण्यात घराचा वाडीसकट पुकारा होतो, तसंच. आईच्या ओठांवर "होय म्हाराजा" आलं होतं, तिने ते कसंबसं आवरलं.

बसा

मार्गदर्शिकांमध्ये ही पायरी नसते. मी घालतेय.

हाइदेनच्या डावीकडून एक वाट निघते, तिला 'औषधांची वाट' म्हणतात. दोन्ही बाजूंना औषधी झाडं लावलेली आहेत. तिच्यावर थोडं पुढे इवाकुरा जिन्जा लागतं. देऊळ म्हणून शोधाल तर सापडणार नाही. छप्पर नाही, भिंत नाही. कुंपणात एक खडक आहे, बस. शिंतोमध्ये इमारती यायच्या आधी देव खडकावर उतरायचा, त्याचा हा नमुना. गावाकडे शेंदूर लावलेला दगड झाडाखाली पाहिलेल्याला याचं नवल वाटू नये, पण इथे शेंदूरही नाही.

याच वाटेवरून पायऱ्या चढून ओमिवा-नो-मोरी नावाच्या उंचवट्यावर जाता येतं. बाकडी आहेत. समोर यामातोचं सपाट खोरं, त्यात उनेबी, मिमिनाशी आणि कागु हे तीन बुटके डोंगर, पोलादी तोरी, आणि पाठीमागे मिवा. बहुतेक लोक खोऱ्याकडे तोंड करून बसतात. तुम्ही एकदा उलटं बसून बघा.

वीस मिनिटं. ध्यान करायची पद्धत वगैरे मी सांगणार नाही, तुमची असेल ती करा. नामस्मरण चालेल, नुसतं बसलंत तरी चालेल. इथे डोंगराकडे बघताना मला एक गोष्ट उपयोगी पडते: एकच झाड निवडायचं आणि वारा आला की ते हलतं का एवढंच बघायचं. डोंगरावरची झाडं शतकानुशतकं तोडलेली नाहीत, त्यामुळे झाडी दाट आहे आणि एक झाड डोळ्यांनी धरून ठेवणंच अवघड जातं. दहा मिनिटांनी पाय आखडतात, पंधराव्या मिनिटाला गाडीची वेळ आठवते. आठवू दे.

साई जिन्जा आणि विहिरीचं पाणी

हाइदेनपासून पाच-सात मिनिटांवर साई जिन्जा. हे बरं करणाऱ्या देवाचं ठाणं. सुजिन राजाच्या काळात साथीने निम्मी प्रजा मेली, तेव्हा ओमोनोनुशीने स्वप्नात येऊन सांगितलं की माझ्याच वंशातल्या माणसाकडून माझी पूजा करवा. ओतातानेको नावाचा तो माणूस शोधून आणला, पूजा झाली, साथ ओसरली, असं जुने ग्रंथ सांगतात. त्याचा धागा आजही चालू आहे. १८ एप्रिलला इथे 'हानाशिझुमे', फुलं शांत करण्याचा उत्सव असतो. साकुराच्या पाकळ्या वाऱ्यावर विखुरतात तेव्हा त्यांच्याबरोबर रोगाचे देवही सगळीकडे विखुरतात, त्यांना आवरायचं. त्या दिवशी औषध कंपन्या आपली औषधं देवापुढे आणून ठेवतात. साकुराखाली चादर पसरून खाणाऱ्यांना हा दुसरा अर्थ सहसा कुणी सांगत नाही.

देवळाच्या मागच्या बाजूला औषधी विहीर आहे. डोंगरातून झिरपलेलं पाणी, नळावाटे घेता येतं, पेलेही ठेवलेले असतात. प्या. पाण्याला विशेष चव नाही, थंड आणि मऊ आहे. बाटली भरून न्यायची असेल तर मागे रांग आहे का बघा.

डोंगर चढायचा असेल तर

चढता येतो. पण याला इथे गिर्यारोहण म्हणत नाहीत, 'तोहाइ' म्हणतात, चढून केलेली पूजा. आधी हा डोंगर सामान्यांना बंदच होता. मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, परवानगी मिळू लागली. त्यामुळे नियम कडक आहेत आणि ते मोडण्याची युक्ती शोधू नये.

परवानगी साई जिन्जाच्या कार्यालयातून मिळते. नोंदणी सकाळी ९ ते १२, आणि ३ वाजेपर्यंत खाली यायलाच हवं. वेळा बदलतात, मोठ्या उत्सवाच्या दिवशी आणि खराब हवामानात वाट बंद असते, म्हणून निघण्याआधी देवस्थानाच्या संकेतस्थळावर बघा. अर्जावर नाव, पत्ता, फोन लिहायचा, ३०० येन भरायचे, आणि घुंगरू लावलेला पांढरा पट्टा मिळतो. तो गळ्यात घालायचा, खाली येईपर्यंत काढायचा नाही. वाटेच्या तोंडाशी कागदी झिरमिळ्यांची काठी ठेवलेली असते, ती स्वतःवरून डावी-उजवी-डावी फिरवून आत जायचं.

फोटो नाही. खाणं नाही, पाणी चालतं. आग नाही. वर शौचालय नाही, तेव्हा खालीच जाऊन या. जाऊन-येऊन सुमारे चार किलोमीटर, दोन तास धरा. अंतर कमी वाटलं तरी फसू नका, चढ उभा आहे, मुळं आणि ओले दगड आहेत. कमकुवत गुडघ्यांच्या माणसांनी विचार करून ठरवावं. काही जपानी भाविक अनवाणी चढतात. आपल्याला वारीची सवय असली तरी पहिल्यांदा हा मोह टाळा.

आणि डोंगरावरचं काहीही खाली आणायचं नाही. पान नाही, खडा नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. देवराईतली पडलेली फांदी सरपणाला न्यायची नाही हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे हा नियम मला घरचा वाटला. खाली आल्यावर मी बूट काढून उलटे केले तर डाव्या बुटातून सुगीची तपकिरी काडी पडली, चार सुयांची. ती उचलून पुन्हा वाटेच्या आत ठेवून आले. पट्टा परत घेणाऱ्या बाईंनी बघितलं आणि मान लववली. एवढंच.

वर काय पाहिलं ते कुणाला सांगू नये, अशीही रीत आहे. म्हणून मी इथे लिहीत नाही. शिखरावरून खोरं दिसेल या आशेने मात्र जाऊ नका. देखावा हवा असेल तर मघाचं बाकडंच बरं.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला चढू नका. पहिल्या खेपेला डोळा 'पोचायचं कधी' यातच असतो, घड्याळ दुपारी तीनकडे ढकलत राहतं, आणि घुंगराच्या आवाजात आपलाच श्वास ऐकू येतो. आधी खालून ओळख होऊ द्या. दुसऱ्या खेपेला डोंगर कुठेही जात नाही.

वेळ उरला तर हिबारापर्यंत

साई जिन्जाच्या बाजूने यामानोबे-नो-मिची ही जुनी पायवाट उत्तरेकडे जाते. वीस-पंचवीस मिनिटांत हिबारा जिन्जा. वाटेत ओढा, संत्र्यांच्या आणि पर्सिमनच्या बागा, बागेच्या तोंडाशी लाकडी फळीवर ठेवलेली फळांची पिशवी आणि शेजारी पैशांचा डबा. राखणीला माणूस नसतो.

हिबाराला मंडपही नाही. फक्त तीन कमानींची तोरी आणि मागे झाडी. ओमिवाला मंडपाआड राहिलेली ती तोरी इथे उघड्यावर, अगदी समोर बघायला मिळते, आणि ज्यांना मघाशी 'गाभारा नाही' हे नीट पटलं नव्हतं त्यांना इथे पटतं. पाठ फिरवली की पश्चिमेला निजो पर्वताची दोन शिखरं. तिन्हीसांजेला सूर्य त्या बाजूला उतरतो. मी तिथे ऑक्टोबरात बसले होते. एक आजोबा तिपायी लावून कॅमेरा घेऊन आले होते आणि सूर्य दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ त्यांनी कॅमेरा गुंडाळला नाही.

पोटाचं

मिवा हे सोमेनचं माहेर. सोमेन म्हणजे गव्हाच्या, केसासारख्या बारीक, हाताने ओढलेल्या शेवया. आपल्या घरी उन्हाळ्यात काठीवर वाळत घातलेल्या शेवया पाहिल्या असतील तर ओळखीच्या वाटतील. उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात थंड देतात, हिवाळ्यात गरम रश्शात, त्याला न्यूमेन म्हणतात. शाकाहारी असाल तर सावध राहा. शेवया शाकाहारी आहेत, पण सोबतची त्सुयू, म्हणजे शेवया बुडवायचं पातळ कालवण, आणि न्यूमेनचा रस्सा जवळजवळ नेहमी वाळवलेल्या माशाच्या किसावर उकळलेला असतो. "मासा नको" म्हटल्याने रश्शातला मासा जात नाही. दुकानदाराला वाटतं तुम्हाला वर मासा नकोय. मी आईसाठी घरून पोळी-भाजीचा डबा नेला होता, तो स्टेशनशेजारच्या बाकावर खाल्ला. कोरड्या सोमेनची पुडी विकत आणून घरी खोबरं-लसणाची चटणी आणि तेलावर परतली, झकास लागली. मिवाच्या माणसाला मात्र हे सांगू नका.

परतीची गाडी येईल तेव्हा फलाटावर नुसतं उभं राहू नका. या मार्गावर पुष्कळदा दारं आपोआप उघडत नाहीत. दाराशेजारी बटण असतं, ते दाबायचं. आई आणि मी दारासमोर देवासमोर उभं राहिल्यासारख्या वाट बघत राहिलो होतो, आणि आतल्या एका शाळकरी मुलाने हात लांब करून आमच्यासाठी दाबलं.